उपवासाचें ताट आणि रक्तांतील साखर

आमच्या घरांत तीन पिढ्या एका पंक्तीस बसतात. गोडधोड काय तें सणावारीं, चहांत साखर बेताची, एकादश्या नेमाच्या. शिवाय माझा देह पहिल्यापासून सडपातळ. मधुमेह हा स्थूल मनुष्याचा रोग, तो आपल्या वाटेस जावयाचा नाहीं, अशी माझी बालंबाल खात्री होती. थोरल्या बंधूंचा एक पाय याच व्याधीपायीं कापावा लागला. पण ते अंगानें जाड, एवढी पळवाट मला पुरे होती.

दोन वर्षांपूर्वीं चिरंजीवांनीं हट्टानें माझें रक्त तपासून घेतलें, तों उपाशीपोटीं साखर ११८ निघाली. मग त्यांनीं घरींच ग्लुकोमीटर आणला. पुढच्या एकादशीस साबूदाण्याची खिचडी व बटाट्याची भाजी असा फराळ झाल्यावर दोन तासांनीं बोटांतील रक्ताचा थेंब तपासला. आंकडा २१४! द्वादशीस भाकरी, उसळ व पालेभाजी जेवल्यावर तोच १५२. उपवासाच्या दिवशीं जेवणाच्या दिवसाहून साखर अधिक, हें पाहून मी थक्क झालों.

कारण साधें आहे. साबूदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिनें व तंतु त्यांत नांवापुरते. पिष्ट जिभेला गोड लागत नाहीं. परंतु पचल्यावर त्याची साखरच होते. ती पेशींत शिरावी म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन सोडतें. कांहीं देहांत पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडून वर्षानुवर्षें तोल सांभाळतें, आणि थकलें म्हणजे साखर चढूं लागते.

आणि सडपातळपणाचें काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचें छायाचित्र २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. परंतु युडकिन यांच्या देहांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या देहांत २१.२. आपला सडपातळ देह आंतून मेदयुक्त असूं शकतो, तो असा. चरकसंहितेंतही प्रमेहाचे रोगी स्थूल आणि कृश असे दोन सांगितले आहेत. तें प्रकरण मीं वाचलें होतें. स्वतःस मात्र कधीं लावून पाहिलें नव्हतें.

उपाशीपोटीं साखर १०० च्या आंत असावी. १०० ते १२५ ही धोक्याची सूचना. १२६ वा अधिक आकडा दोनदां आला म्हणजे मधुमेह समजतात. 'एचबीएवनसी' ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब देते. तो ५.७ च्या खालीं असावा, ६.५ पासून मधुमेह. निदान प्रयोगशाळेंतील तपासणीवरूनच करावें. घरचें यंत्र कोणत्या ताटानें साखर किती चढते हें पाहण्यासाठीं.

माझ्यासाठीं निराळी चूल मांडावयाची नाहीं, असें सौभाग्यवतींनीं ठरविलें. सर्वांच्याच ताटांत आधीं कोशिंबीर, पालेभाजी व उसळ वाढूं लागल्या. भात शेवटीं, एक वाटी. एकादशीस थोडी वरी, दाण्याची आमटी, काकडी व ताक. वामकुक्षीच्या जागीं वीस मिनिटें चालणें; कारण चालते स्नायु इन्सुलिनची फारशी वाट न पाहतां साखर ओढून घेतात. सर्वांत कठीण गेलें तें पंक्तींतील आग्रह आवरणें! आज माझी उपाशीपोटींची साखर १०३ आहे.

मात्र जे इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून उपवास वा आहारांत मोठा बदल करूं नये. साखर एकाएकीं फार उतरणें हेंही संकटच. घाम सुटून हातपाय कापूं लागले, तर तत्काळ साखरपाणी द्यावें.

गेल्या महिन्यांत चिरंजीवांनीं स्वतःचें रक्त तपासलें. वय ३६, देह माझ्यासारखाच, आंकडा ५.८. त्यांस वेळीं कळलें, हें आमचें भाग्य. बंधूंस कळलें तें पायाची जखम भरेना तेव्हां. तरी ज्या घरांत मधुमेहाचा एकही रोगी झाला असेल, तेथें तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानें, स्त्रियांनींही, वर्षांतून एकदां रक्त तपासून घ्यावें, एवढीच विनंती.