खरा कंदी पेढा कसा ओळखाल?

मैत्रिणींनो, शिरवळहून साताऱ्यापर्यंत हायवेनं जाताना कंदी पेढ्याच्या पाट्या किती दिसतात, एकदा मोजून बघा. मुंबई-पुण्याचा पाहुणा गाडी थांबवतो, अर्धा किलो बांधून घेतो आणि खूश होऊन जातो. आपण तर इथल्याच. दारात म्हैस असलेल्या बायकांना दुधाच्या मालात कोण फसवणार, असं आपल्याला वाटतं. मलाही तसंच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाला एका साखरपुड्यासाठी १० किलो पेढ्यांची ऑर्डर मिळाली. एवढं दूध आटवायला वेळ नव्हता, म्हणून बाजारातून तयार खवा आणला. स्वस्तात मिळाला याचा आनंद वेगळाच! कढईत टाकला तर तूप सुटेना. नुसता लगदा होऊन बुडाला चिकटला, आणि साखर घातल्यावर तर चिवट रबर झाला. रात्री बारापर्यंत आम्ही तिघी आळीपाळीनं उलथनं फिरवत होतो. सकाळी ऑर्डर नाही म्हणून सांगितलं आणि आगाऊ घेतलेले पैसे परत केले. खव्याचे पैसे बुडाले ते बुडालेच. त्यानंतर माहिती काढून आणि हात पोळून घेऊन जे शिकलो ते इथं सांगते. पेढा विकत घेणारीलाही त्याचा उपयोग होईल आणि करून विकणारीलाही.

पहिली गोष्ट म्हणजे हिशोब. म्हशीच्या ५ लिटर चांगल्या दुधाचा साधारण १ किलो खवा पडतो. गाईचं दूध पातळ, त्याला साडेपाच ते सहा लिटर लागतं. आता समजा, तुमच्या गावात म्हशीचं दूध ६० रुपये लिटर आहे. म्हणजे किलोभर खव्याला नुसत्या दुधाचेच ३०० रुपये झाले. वर जळण आहे आणि तास-दीड तास कढईपाशी उभं राहणं आहे. मग कुणी तुम्हाला २२० रुपयांत किलोभर खवा देत असेल तर तो काही धर्म करत नाही. त्यात दुधाखेरीज दुसरं काहीतरी आहे. आमच्या १० किलो पेढ्यांना ९ किलोच्या आसपास खवा, म्हणजे ४५ लिटर दूध लागलं असतं. हा हिशोब त्या दिवशी पाच मिनिटं बसून केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. आपल्या गावचा दुधाचा भाव घ्या, पाचनं गुणा, आणि मगच बाजारात जा.

दुसरी परीक्षा हाताची. खव्याची गोळी चिमटीत धरून चांगली चोळा. बोटांना तुपाचा ओशटपणा आणि दुधाचा गोड वास आला पाहिजे. म्हशीचा खवा पांढुरका आणि किंचित रवाळ असतो, गाईचा पिवळसर, मऊ आणि ओलसर. आंबूस वास, हिरवट ठिपका किंवा तळाला सुटलेलं पाणी दिसलं तर परत द्या. थोडा जिभेवर ठेवा. पिठूळ लागला आणि टाळूला चिकटला तर शंका घ्या. वजन वाढवायला खव्यात मैदा, आरारूट किंवा बटाट्याचा कीस मिसळतात.

ही पिठाची भेसळ घरी ओळखता येते. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली आणा. चमचाभर खवा थोड्या पाण्यात उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग दोन-तीन थेंब आयोडीन टाका. निळा रंग आला की पीठ आहे. पाणी गरम असताना थेंब टाकू नका, कारण गरम पाण्यात तो रंग दिसत नाही आणि भेसळीचा खवाही पास होऊन जातो. तपासलेला खवा फेकून द्या, पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

पण एक सांगते, या परीक्षेत सगळं पकडलं जात नाही. दुधातली साय काढून घेऊन त्या जागी पामतेल किंवा वनस्पती तूप घातलं असेल तर कढईत तूपही सुटतं, हातही ओशट होतात, आणि आयोडीन काहीच सांगत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं. कायद्यानं अशा मालाला दुधाच्या पदार्थाचं नाव देता येत नाही. पण सुट्या मालावर कोण काय लिहितंय! म्हणून तिथं पुन्हा भावाचा हिशोबच कामाला येतो. आणि पावती मागाच. पावती असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. आमच्याकडे पावती नव्हती.

आता पेढ्याकडे वळू. मथुरेचा, धारवाडचा आणि आपला, पेढे तिन्ही. पण कंदी पेढ्याचं नाव चालतं ते खमंग भाजलेल्या खव्यावर आणि बेताच्या साखरेवर. साखर खव्यापेक्षा कितीतरी स्वस्त, त्यामुळे ज्याला पैसा जास्त काढायचा तो साखर वाढवतो. पेढा तोंडात टाकल्यावर आधी दुधाची खमंग चव आली पाहिजे, गोडी मागून. पहिल्याच घासाला घसा गोड झाला तर त्यात साखरच जास्त. पाकीटबंद पेढा असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. त्यात जो जिन्नस सर्वांत जास्त घातलेला असतो तो पहिला लिहावा लागतो. 'साखर' हा शब्द 'खवा'च्या आधी आला तर पाकीट खाली ठेवा. सुट्या मिठाईच्या ट्रेवरही 'अमुक तारखेच्या आत खावे' हे लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं झालं. लिहिलं नसेल तर विचारा, लाजू नका.

रंग बदामी हवा, आणि तो भाजण्यानं आलेला हवा. दुधातली साखर आणि प्रथिनं मंद आचेवर एकत्र तापली की तो रंग आणि वास येतो. घाईनं आच मोठी केली तर वरून करपतो आणि आत ओला राहतो. आमचं माप १ किलो खव्याला पाव किलो साखर. जाड बुडाची कढई, बारीक आच, हात थांबवायचा नाही. तूप कडेनं सुटायला लागलं की पुढची दहा मिनिटं कढई सोडून कुठंही जाऊ नका, फोन वाजला तरी.

या खमंगपणाचं वेड फक्त आपल्यालाच आहे असं नाही, बरं का. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ व्हॅले भागात रॅक्लेट नावाचं गाईच्या दुधाचं चीज करतात. त्याची भाकरीपेक्षा मोठी जाड चकती महिनोन्‌महिने मुरवतात. मग ती अर्धी कापून विस्तवापुढं धरायची, वरचा थर वितळला की सुरीनं उकडलेल्या बटाट्यावर खरवडून घ्यायचा. रॅक्लेट हे नावच त्यांच्या भाषेतल्या 'खरवडणे' या शब्दावरून आलंय! शेवटी कडेला जो कुरकुरीत भाजलेला पापुद्रा राहतो त्यासाठी मोठी माणसंही टपून बसतात. आपल्याकडं दुधाच्या पातेल्याच्या खरवडीवर पोरांची भांडणं होतात, तसंच ते. आणि व्हॅलेच्या नावानं ते चीज विकायचं तर दूधही व्हॅलेचंच लागतं. साताऱ्याच्या नावानं पेढा विकताना आपण दूध कुठलं वापरतो, हे गिऱ्हाइकाला सांगता आलं तर किती बरं होईल.

पेढे ठेवण्याबद्दल थोडं. गरम पेढे डब्यात भरून झाकण लावू नका. वाफेचं पाणी होतं आणि तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. ताटात पसरून, वर पातळ फडकं टाकून पूर्ण गार करा, मग कोरड्या डब्यात भरा. नीट भाजलेल्या पेढ्यात पाणी कमी असतं, म्हणून तो साध्या पेढ्यापेक्षा जास्त टिकतो. फ्रिजमध्ये ठेवलात तर खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. गार पेढा कडक लागतो आणि वासही दबलेला राहतो.

गटातून विकणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी आधी करून घ्या. ३ जानेवारीला नायगावला सावित्रीबाईंच्या जयंतीला मोठी गर्दी होते. यंदा आम्ही तिथं पाव-पाव किलोचे डबे घेऊन बसायचं ठरवतोय. डब्यावर आमच्या गटाचं नाव, केल्याची तारीख, आणि एका ओळीत 'दूध घरच्या म्हशींचं' एवढं लिहिणार आहोत.