पहिला सीन पुढे ढकलू नका: धनुष्य आणि गलोल

आमची रेकॉर्डिंगची खोली गंगापूर रोडला लागून आहे, त्यामुळे ऑडिओत मधेच रिक्षाचा हॉर्न येतो. इथे लिहिताना हॉर्न काढलेत, बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय.

आज बोलायचंय पिक्चरच्या पहिल्या सीनबद्दल. मोबाईलवर पिक्चर लावला की आपल्यातले बरेच जण पहिली दोन मिनिटं पुढे ढकलतात. 'अजून काही सुरूच झालं नाहीये' म्हणून. पण आपण कुणाच्या बाजूने बसणार, हे नेमकं तिथेच ठरतं.

आधी आपल्या जिल्ह्यातला माणूस घेऊ. दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकचे. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. पहिल्या सीनमध्ये राजा मुलाला धनुष्यबाण चालवायला शिकवतोय आणि तारामती बघतेय. बस, एवढंच. मूकपट आहे, त्यामुळे 'मी किती प्रेमळ बाप' असं कुणी बोलून दाखवत नाही. हात दाखवतात. (तो मुलगा म्हणजे फाळक्यांचाच भालचंद्र. आणि तारामती झालेत अण्णा साळुंके, कारण काम करायला बाई मिळेना.)

मग यात टेन्शन कुठे आहे? तर प्रेक्षकांच्या डोक्यात. थिएटरमध्ये बसलेल्या माणसाला गोष्ट पाठ होती. राज्य जाणार, बायको-मुलगा विकले जाणार, सगळं माहीत. त्यामुळे 'पुढे काय होणार' हा प्रश्नच नाही. समोर सुखी घर दिसतंय आणि ते मोडणार हे आपल्याला ठाऊक आहे, फक्त त्या तिघांना नाही. त्यानंतर राजा शिकारीला जातो, बायकांचा आक्रोश ऐकून धावतो आणि विश्वामित्रांच्या यज्ञात विघ्न आणतो. म्हणजे त्याचा चांगुलपणाच त्याला रस्त्यावर आणतो.

आता शंभर वर्षं पुढे या. नागराज मंजुळेंचा 'फँड्री'. इथेही सुरुवातीला नेमच धरलाय, पण हातात गलोल आहे. जब्या गावाबाहेरच्या झाडाझुडपांत एका काळ्या चिमणीच्या मागे लागलाय. का? सांगतच नाहीत. फाळक्यांचा प्रेक्षक सगळं जाणून बसला होता, आपल्याला इथे काहीच माहीत नाही. दिसतं ते इतकंच, की या पोराला काहीतरी मनापासून हवंय आणि ते हाताला लागत नाहीये. चिमणीच्या राखेने शालू आपल्यावर प्रेम करेल, हे त्याच्या डोक्यात बसलंय, ते पुढे कळतं.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती क्रमाची. जब्या कैकाडी समाजातला आहे, गावातली डुकरं पकडायचं काम त्याच्या घरच्यांच्या गळ्यात पडतं, हे सगळं नंतर येतं. आधी त्याची इच्छा, मग त्याची जात. गाव बरोबर उलटं करतं. गावाला जात आधी दिसते आणि इच्छा तर दिसतच नाही. मंजुळेंनी उलटीकडून सुरुवात केली असती, तर आपण जब्याकडे 'बिचारा' म्हणून बघितलं असतं. इथे आपण त्याच्याबरोबर चिमणी शोधतो. आणि शेवटी तो दगड भिरकावतो (बघितला नसेल तर हे वाक्य सोडा), तो थेट कॅमेऱ्याकडे येतो. आपल्याकडे. पहिल्या सीनपासून त्याच्या बाजूने बसलो होतो ना, म्हणून तो जास्त लागतो.

याच्या शेजारी ती नेहमीची हिरोची एंट्री ठेवून बघा. स्लो मोशन, धूळ, गॉगल. शिट्ट्या पडतात, मीही मारतो. पण त्यातून स्टार कोण ते कळतं, त्या माणसाला काय हवंय ते नाही. मग टेन्शन आणायला व्हिलनला दहा माणसं मारावी लागतात.

पुढच्या भागात चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट'. त्यातला म्हातारा शाहीर सुरुवातीला पोरांची शिकवणी घेताना दिसतो. तेवढं बघून या. आणि प्लीज, वन पॉइंट फाइव्ह स्पीडवर नको.