तार तुटली, तरी फोन वाजला पाहिजे!

मंडळी, दूध संघाचं मुख्य कार्यालय जिल्ह्याला, शीतकरण केंद्रं तालुक्याला. समजा, सगळे फोन इंटरनेटवरून मुख्य कार्यालयातल्या एकाच एक्स्चेंजला जोडलेत. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली, की केंद्रातल्या या खोलीतून त्या खोलीतही फोन लागत नाही! इकडं दूध तापतंय, टँकरचा पत्ता नाही.

जुन्या लँडलाइनला तांब्याच्या तारेतूनच ४८ व्होल्टची वीज यायची. गावची लाइट गेली तरी फोन चालायचा. नव्याचं तसं नाही. म्हणून प्रत्येक केंद्रात छोटं एक्स्चेंज ठेवा, त्याला मोबाइलचं सिम जोडा, राउटरलाही बॅटरी द्या. दुसरं इंटरनेट घ्याल तर वेगळ्या वाटेनं आलेलं घ्या. अन् महिन्यातून एकदा मुद्दाम वायर काढून बघा. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?