नंबर कितवा?

निवडणूक जवळ आली की आपल्याकडे प्रश्न असतो, तिकीट कुणाला? इस्रायलमध्ये विचारतात, नंबर कितवा? तिथल्या संसदेत, म्हणजे क्नेसेटमध्ये, १२० जागा आणि अख्ख्या देशाचा मतदारसंघ एकच. कोकणातून तिकडे गेलेली बेने इस्रायली मंडळी दिमोनात मत देवोत की अश्दोदमध्ये, पडद्यामागच्या ट्रेमधल्या चिठ्ठ्या त्याच. चिठ्ठीवर पक्षाची ठसठशीत हिब्रू अक्षरं, पक्षाचं नाव, फार तर नेत्याचं. चिठ्ठी पाकिटात घालायची, पाकीट पेटीत टाकायचं, झालं. उमेदवारांचा क्रम पक्षाने आधीच लावलेला. मतदाराला तो हलवता येत नाही. पक्षाला ३० जागा मिळाल्या तर पहिले तीस खासदार, एकतिसावा घरी.

म्हणून खरी मारामारी यादी ठरतानाच होते. लिकुडमध्ये पक्षाचे सदस्य मतदान करून क्रम लावतात. काही क्रमांक विभागांसाठी, काही महिलांसाठी राखीव. पण राखीव क्रमांक कितवा, यावर सगळं. एप्रिल २०१९ मध्ये लिकुडला ३५ जागा मिळाल्या, सप्टेंबरमध्ये ३२, मार्च २०२० मध्ये ३६. म्हणजे तेहतिसावा क्रमांक वर्षभरात आत, बाहेर आणि पुन्हा आत! येश अतीद पक्षाची यादी याईर लापिद स्वतः ठरवतात, शास पक्षाची धर्मगुरूंची परिषद. सदस्यांच्या मतदानात गटबाजी, देवाणघेवाण सगळं चालतं. तरी मला तेच बरं वाटतं. यादी एकाच्या खिशात असली की खासदार मतदारांकडे कशाला बघेल?

एकूण वैध मतांच्या सव्वातीन टक्के मिळाली नाहीत तर पहिला नंबरही फुकट. २०२२ मध्ये मेरेत्झ पक्ष ३.१६ टक्क्यांवर अडकला आणि बाहेर फेकला गेला. या धास्तीने छोटे पक्ष एकत्र येतात, मग नावं एकमेकांत गुंफताना घासाघीस. २०१५ मध्ये हदाश, बलद, राअम आणि तआल यांनी संयुक्त यादी करून १३ जागा जिंकल्या. शेवटच्या जागांवर आळीपाळीने बसायचं ठरलं होतं. पुढे राजीनाम्यांवरून कुरबुरी झाल्याच.

निकालानंतरही यादी कामाला येते. तिथे पोटनिवडणूक नसते. जागा रिकामी झाली की वेटिंगवरचा पुढचा आत. शिवाय २०१५ पासून मंत्र्याला खासदारकी सोडून पुढच्याला वाट देता येते. मात्र त्याचं मंत्रिपद गेलं तर तो संसदेत परततो आणि बदली आलेल्याला उठावं लागतं. त्यामुळे मंत्र्याची खुर्ची टिकावी म्हणून सगळ्यात मनापासून देव पाण्यात घालणारा खासदार हाच असावा.