मुजेसरचं मेडिकल, साडेआठ ते सव्वादहा

सकाळी 8.30
फरीदाबादच्या मुजेसर भागातलं मेडिकल. शटर अर्धं वर. कारखान्यांची नाइट नुकतीच सुटली आहे. काउंटरवरचा फार्मासिस्ट मूळचा भुसावळचा. पगार महिना 17 हजार, डबा घरचा. नाव छापू नका म्हणाला. आधी केर, मग उदबत्ती, मग ग्लुकोमीटर चालतोय का ते बघणं.

9.10
प्रेसवरचा कामगार, चाळिशीतला, नखांत ग्रीस. आधी ओआरएस मागतो. मग कंगवा. शेजारची बाई गेल्यावर आवाज खाली येतो. "भैया, वो ताकत वाली." ही गोळी पहिल्या वाक्यात कोणी मागत नाही.

चिठ्ठी नाही. सिल्डेनाफिल शेड्यूल एचमधलं औषध, चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. किती दुकानं हे पाळतात ते दोघांनाही ठाऊक.

"शुगर कब देखी थी?"

कधीच नाही. बोट पुढे. स्पिरिटचा कापूस, सुई, पट्टीवर थेंब. आकडा येतो 268. चाळीस रुपये.

वाढलेली साखर नसाही बिघडवते आणि रक्तवाहिन्याही. लिंगातल्या धमन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. चरबी साचू लागली की बारकी आधी अडते. म्हणून ताठरता न येण्याची ही तक्रार कधी कधी हृदयविकाराच्या दोन-तीन वर्षं आधीच येते. गडी चिडतो. गोळी घ्यायला आला होता, आजार हातात पडला. पगार 21 हजारांच्या आत, म्हणजे ईएसआयचं कार्ड असणार. फार्मासिस्ट कागदावर आकडा लिहून देतो आणि एनआयटी-3च्या ईएसआयसी हॉस्पिटलात पाठवतो. गोळीची स्ट्रिप विकली असती तर गल्ल्यात जास्त पडले असते. मालकाला हे आवडत नाही.

11.40
पन्नाशीचे गृहस्थ. "दोस्त के लिए चाहिए." फार्मासिस्ट त्यांच्या खिशाकडे बघतो. तिथे सॉर्बिट्रेटची पट्टी डोकावते आहे, छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची ती. दोन्ही एकत्र गेल्या तर रक्तदाब धाडकन कोसळतो, माणूस जाऊ शकतो. "अंकल, दोस्त को बोलो हार्टवाले डॉक्टर से पूछे." अंकल काही न बोलता जातात. मला हा नकार दिवसभरातलं सगळ्यात मोठं काम वाटला.

2.00
डबा. पोळी, मेथी. समोरच्या भिंतीवर रंगवलंय, 'गुप्तरोग, शर्तिया इलाज'. अशा जाहिरातींना 1954च्या कायद्याने बंदी आहे. रंग ताजा आहे.

4.30
पंचविशीचा मुलगा, महिन्यावर लग्न. धात जाते म्हणून त्या भिंतीवाल्याने सहा हजार घेतलेत. फार्मासिस्ट एकच विचारतो, "सुबह उठते वक़्त होता है?" होतं. मग नसा, रक्तपुरवठा बहुधा ठीक. उरते ती धास्ती. धास्तीने ॲड्रेनलिन वाढतं, रक्तवाहिन्या आवळतात, आणि एकदा फसलं की पुढच्या वेळी धास्ती दुप्पट. त्याला पुडी मिळत नाही, मानसोपचाराच्या ओपीडीचं नाव मिळतं. तो ते दोनदा विचारून घेतो.

6.00
बीपीची औषधं नेणारे. एकाला ॲटेनोलॉल सुरू झाल्यापासून हाच त्रास. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरकडून बदलून घ्या, एवढंच सांगायला वेळ मिळतो.

8.15
डे शिफ्ट सुटली. बारा तासांची. काउंटरवर कोपराला कोपर. एक जण उद्याच्या गाडीने बिहारला निघालाय. आठ महिने पाच जणांच्या खोलीत. झोप अपुरी, बिडी चालू, संध्याकाळी पव्वा. आता घरी दहा दिवस, मागच्या सुट्टीत जमलं नव्हतं. बिडी आणि दारू, दोन्ही या त्रासाला हातभार लावतात हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. फार्मासिस्ट त्याचं बीपी बघतो. 160/100. रांग ओरडते.

10.15
हिशेब. शटर. ज्यांना हा त्रास काही आठवडे होतोय त्यांनी आधी साखर, दाब आणि कोलेस्टेरॉल बघून घ्यावं. छातीच्या गोळ्या चालू असतील तर काउंटरवर न लाजता सांगावं.