‘पाच नंबरचा आहे, सोडून द्या’

नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. सिस्कोच्या राउटर-स्विचमधून येणाऱ्या सूचनेत टक्क्याच्या खुणेनंतर तीन तुकडे असतात: सूचना कोणत्या भागाकडून आली, ० ते ७ मधला एक आकडा आणि घटनेचं आखूड नाव. शून्य म्हणजे यंत्रणाच निकामी, सात म्हणजे डीबगिंगचा तपशील. आकडा लहान तितकं प्रकरण गंभीर, इथवर ठीक. घोळ होतो तो ‘पाच आणि पुढचं बघायचंच नाही’ असं ठरवल्यावर.

‘%बीजीपी-५-अ‍ॅडजचेंज’ घ्या. ओळीत पुढे ‘डाउन’ असेल तर शेजारच्या राउटरशी बीजीपी, म्हणजे वाटांची देवाणघेवाण, तुटलं. इंटरनेटची तीच एक वाट असेल तर अख्खं ऑफिस बंद, आणि आकडा मात्र ५! राउटर रीस्टार्ट झाला तरी ‘%सिस-५-रीस्टार्ट’. रात्री दोनला कुणी कॉन्फिगरेशनला हात लावला तरी ‘%सिस-५-कॉन्फिग_आय’. रिमोट लॉगिन असेल तर कोणत्या युजरने, कुठल्या आयपीवरून, हेही बहुधा त्याच ओळीत असतं. उलट ‘%लिंक-३-अपडाउन’ म्हणजे चक्क ‘एरर’, पण संध्याकाळी कुणी लॅपटॉपची केबल काढून घरी निघालं तरी तीच उमटते. हे आकडे सिस्कोतल्या प्रोग्रामरने ठरवलेले. त्या पोर्टला पगाराचा सर्व्हर आहे की रिसेप्शनचा प्रिंटर, हे त्याला कुठून कळणार? कुठल्या पोर्टला काय आहे, ही यादी आपणच करायची असते, आणि बहुतेक ठिकाणी ती नसते.

लॉग सर्व्हरवर ओळीच्या सुरुवातीला दिसणारा <१८९> हा एरर कोड नव्हे. त्याला ८ ने भागा: भागाकार २३, म्हणजे सिस्कोचा ठरलेला ‘लोकल७’, बाकी ५, तीच गंभीरता. ओळीतल्या वेळेच्या आकड्यांआधी येणारी चांदणीही (*) ‘महत्त्वाचं’ म्हणून नसते. डिव्हाइसचं घड्याळ भरवशाचं नाही, असं ती सांगते. अशा वेळी दोन डिव्हाइसचे लॉग शेजारी ठेवून ‘आधी काय पडलं’ हे शोधू नका; पहिल्यांदा घड्याळं जुळवणारं एनटीपी नीट करा.

एका कंपनीची भाषा आली की सगळ्यांची आली, असंही नाही. ० ते ७ ही पट्टी सामायिक आहे, २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्येही तीच. कोणती घटना कुठे बसवायची हे ज्याचं त्याने ठरवलंय. ज्युनिपरच्या लॉगमध्ये तर तो आकडा मुद्दाम चालू केल्याशिवाय दिसत नाही. मात्र ज्युनिपरची ‘हेल्प सिसलॉग’ ही कमांड अर्थ तिथल्या तिथे सांगते, आणि ही सोय इतरांनीही उचलायला हवी होती. एसएनएमपी ट्रॅप या दुसऱ्या प्रकारच्या सूचनेत नुसते १.३.६.१.४.१ असे आकडे आले, तर ट्रॅप बिघडलेला नसतो. त्या आकड्यांना नावं देणारी त्या कंपनीची एमआयबी फाइल सर्व्हरवर चढवलेली नसते. पुढचा आकडा कंपनीचा: ९ सिस्को, २६३६ ज्युनिपर, १२३५६ फोर्टिनेट.

राहिला ‘अलर्ट नाही म्हणजे सगळं आलबेल’ हा समज. सिसलॉग, म्हणजे वर पाहिलेल्या लॉगच्या ओळी, सहसा यूडीपी ५१४ वरून जातो, ट्रॅप १६२ वरून. पोचल्याची पावती कुणी देत नाही. लिंकच पडली तर तिच्या पडण्याची सूचनाही वाटेत हरवू शकते. डिव्हाइसवर ‘शो लॉगिंग’ दिलं तर ती बफरमध्ये बहुधा सापडते. मधल्या काळात डिव्हाइस रीस्टार्ट झालं असेल, तर साधारणपणे तिथूनही गेलेली असते.