कौत्साची दक्षिणा आणि आपले सोने

विजयादशमीच्या सायंकाळी सीमोल्लंघन आणि शमीपूजन आटोपून आपण देवदर्शनास जातो, वडीलधाऱ्यांच्या हाती आपट्याची पाने ठेवतो आणि ‘सोने घ्या, सोन्यासारखे राहा’ म्हणून नमस्कार करतो. त्याच दिवशी सकाळी पाटीवर सरस्वती रेखून पोथ्यापुस्तकांची पूजाही झालेली असते. सोने आणि सरस्वती यांची सांगड एकाच दिवशी का पडली, याचा उलगडा ज्या कथेत होतो ती कथा एका निर्धन विद्यार्थ्याची आहे.

महाकवी कालिदासाने ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात ती सांगितली आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स अध्ययन पुरे करून गुरुदक्षिणेविषयी विचारू लागला. तुझी सेवा हीच दक्षिणा, असे गुरूंनी सांगितले. तरी शिष्य हट्ट सोडीना. तेव्हा रागावून त्यांनी चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी मुद्रा मागितल्या. कौत्स रघुराजाच्या दारी गेला, तो राजाने नुकतेच विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेले! त्याने मातीच्या पात्रातून अर्घ्य दिले. ते पात्र पाहूनच कौत्स समजला आणि परत फिरू लागला. परंतु विद्यार्थी आपल्या दारातून विन्मुख गेला, हा बोल रघूला साहवेना. त्याने दोन-तीन दिवस थांबण्याची विनंती केली आणि कुबेरावर चाल करण्याची सिद्धता केली. त्याच रात्री कोशागारात सुवर्णवृष्टी झाली. पुढे त्या सोन्याची रास आपट्याखाली लुटली गेली, ही लोकपरंपरेची भर आहे. कालिदासाच्या काव्यात आपट्याचे झाड नाही.

या कथेचा गाभा मात्र सुवर्णवृष्टीत नाही, तो नंतरच्या प्रसंगात आहे. राजा म्हणतो, सारे सोने तुझे. कौत्स म्हणतो, गुरूंचे देणे लागते तेवढेच माझे. देणारा मागितल्याहून अधिक देऊ पाहतो आणि घेणारा गरजेहून अधिक घेत नाही. अयोध्येच्या लोकांनी दोघांचीही वाखाणणी केली ती याचसाठी. विद्येसाठी दिलेल्या दानाचे याहून नेमके लक्षण आम्हांस अन्यत्र आढळले नाही.

आपल्याकडे हे दान पूर्वी अन्नाच्या रूपाने चाले. गरीब विद्यार्थी झोळी घेऊन मधुकरी मागे, किंवा सात घरी सात वार लावून जेवी. आम्हीही बालपणी क्षेत्रातील पाठशाळेत शिकत असता वार लावूनच जेवलो. एका घरी सर्वांचे आटोपल्यावर ओसरीवर पान मांडले जाई आणि त्यात जे उरले ते पडे. दुसऱ्या घरी माउली आपल्या मुलांच्या पंक्तीत बसवून प्रथम आम्हांस तूप वाढी आणि आज काय पाठ केले ते विचारी. पोट दोन्हीकडे भरे. परंतु पहिल्या घराच्या पायऱ्या चढताना पाय जड होत आणि दुसऱ्या घरी सांगावयास हवा म्हणून अध्याय लवकर पाठ होई. गीतेच्या सतराव्या अध्यायातील सात्त्विक दानाचा अर्थ आम्ही पुढे भाष्यांतून वाचला. अनुभवला तो त्या पंक्तीत.

हेही सांगितले पाहिजे की, ही झोळी मोजक्याच घरांतील मुलांच्या खांद्यावर होती. कुणब्याच्या वा अस्पृश्य मानलेल्या घरातील बुद्धिमान मुलास ती वाट मोकळी नव्हती. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय देऊन विद्येचे दार रुंद केले. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्याच मुहूर्तावर, कराडजवळील काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंक्तीत जेवत. त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने मोडले आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. सौभाग्यवतीला हे सोने किती मोलाचे असते, हे आमच्या माताभगिनींस सांगावयास नको. दसऱ्याचे खरे सोने लुटले गेले असेल तर ते तेथे!

आज काळ पालटला आहे. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क दिला. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दुपारचे अन्न मिळते, क्रमिक पुस्तकेही मिळतात. मग नववीचे वर्ग उघडतात आणि हा आधार एकदम सुटतो. पुस्तके, वह्या, गणवेश, दूरच्या विद्यालयास जाण्याचे भाडे, परीक्षेचे शुल्क, असे सारे एकदम समोर उभे राहते. त्यातच हाताशी आलेला मुलगा मजुरीस धाडावा आणि मुलीचे लग्न उरकावे, असे दारिद्र्य कानात सांगू लागते. हुशार मुले शाळेतून गळतात ती याच उंबरठ्यावर.

या उंबरठ्यासाठीच केंद्र सरकारने २००८ साली आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील गुणवंतांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. देशभरातून दरवर्षी एक लाख मुले निवडली जातात आणि त्यांना नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. परीक्षा मात्र आठवीत असतानाच द्यावी लागते आणि अर्ज शाळेमार्फत करावा लागतो. ज्या घरात ही वार्ता पोहोचत नाही, त्या घरातील मुलाची संधी कायमची जाते. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचे, शेतावरील गड्याचे, देवळापुढे फुले विकणाऱ्या आजीबाईचे लेकरू सातवी-आठवीत आहे काय, हे विचारणे आणि त्यास मुख्याध्यापकांकडे नेणे, यास एक पैसाही लागत नाही. हेही विद्यादानच होय.

जे निवडीत येत नाहीत, त्यांचा भार समाजाने उचलावयाचा आहे. पाच घरांनी मिळून एका मुलाची नववी आणि दहावी अशी दोन वर्षे पत्करली, तर एकाही घरास ते जड जाणार नाही. पैसा थेट शाळेत भरावा, पुस्तके हाती द्यावीत. परंतु त्या मुलास मंडपात उभे करून हार घालून घेऊ नये आणि त्याची छायाचित्रे वाटू नयेत. त्याला आपल्या पंक्तीस बसवावे आणि ‘काय पाठ केलेस?’ असे विचारावे. एका परीक्षेत गुण घसरले म्हणून हात आखडू नये. पाया कच्चा असेल तेथे शिकवणीस आपल्याच घरातील लेकसुनांनी बसावे.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही कौत्साचे वंशज आहात. घेताना मान खाली घालू नका. गरजेपुरते घ्या, निष्ठेने शिका आणि कमावते झालात की दुसऱ्या एका मुलाचे वर्ष पत्करा. उपकारकर्त्यास परतफेड नको असते, ती पुढच्याकडे पोहोचावी लागते.

वाचकहो, यंदा आपट्याची पाने वाटताना एक पान अशा लेकराच्या हाती ठेवावे आणि त्यामागे दोन वर्षांचे वचन ठेवावे. तो मुलगा, ती कन्या शालान्त परीक्षा उत्तीर्ण होईल, तेव्हा आपण दिलेल्या पानाचे सोने झाले असे समजावे. श्रीसरस्वती आपणां सर्वांच्या घरी अशी दक्षिणा देण्याचे सामर्थ्य नांदवो!